निवांतपणाचं वेळापत्रक

निवांतपणा या गोष्टीची मला जी चीड आहे ती जन्मजात नाही. ती मला सिंगापूरला, तोआ पायोहमधल्या एका फ्लॅटच्या आठव्या मजल्यावर, भाड्याच्या खोलीबरोबर मिळाली. खोली तशी छान होती. ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर, खिडकीतून वारा, आणि संध्याकाळी घरी आलं की स्वयंपाकघरातून हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास. काकू तर इतक्या प्रेमळ की मी दोन वर्षांत कधी उपाशी झोपले नाही. सगळं होतं. फक्त घरमालक काका तेवढे होते.

काका मूळचे पुण्याचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत काढली. पहाटे कंपनीची बस पकडायची, गेटवर पास दाखवायचा आणि दिवसभर तक्ते करायचे. त्यांचं काम शटडाऊन प्लॅनिंगचं. म्हणजे दर काही वर्षांनी कारखान्याचा एखादा भाग बंद करायचा, थंड करायचा, उघडून दुरुस्त करायचा आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा चालू करायचा. त्यात कोणता माणूस कोणत्या तासाला कोणता बोल्ट सोडवणार हे काका महिनोन्‌महिने आधी कागदावर मांडून ठेवत. या कामात ते फार नावाजलेले होते म्हणे. असतीलही. पण काका निवृत्त झाले आणि तक्ते झाले नाहीत, ही आमची अडचण होती.

घरात काहीही करायचं म्हटलं की आधी त्याचा तक्ता व्हायचा. पंखे पुसायचे, तक्ता. लेक मेलबर्नहून चार दिवस राहायला येणार, तक्ता. एका दिवाळीत शंकरपाळ्यांना उशीर झाला म्हणून काकांनी काकूंकडे चक्क कारणं मागितली होती. "ओरडत नाहीये मी," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून विचारतोय." काकू शंकरपाळ्या तळत राहिल्या. मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं, कारण माझ्या तोंडून काहीतरी गेलं असतं.

अशा माणसाच्या मनात काय यावं? पॅरिस. बायकोला पॅरिस दाखवायचं. आणि तेही सगळे दाखवतात तसं नाही. टूरबरोबर जायला काकांचा सक्त विरोध होता. "नऊ दिवसांत सात देश! माणसं हिंडवतात की गुरं?" असं म्हणून ते समोरच्याकडे उत्तरासाठी बघत राहायचे. त्यांचा सगळा भर पहिल्या दिवसावर. "शहरात माणूस पहिल्या दिवशी कसा शिरतो त्यावर पुढचं सगळं ठरतं. पहिला दिवस कसा हवा? रोमँटिक. आणि निवांत." यातला रोमँटिक हा शब्द ते इतर तांत्रिक शब्दांसारखाच, डोळ्यांची पापणीही न हलवता उच्चारत.

मग जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर पॅरिसच्या पहिल्या दिवसाचा तक्ता लागला. मी राहायला आले तेव्हा तो तिथे होताच, आणि माझ्याआधीच्या भाडेकरूच्या काळातही होता असं कळलं. लांबच्या लांब कागद, त्यावर रंगीत आडवे पट्टे. लाल पट्टा म्हणजे वेळेत झालंच पाहिजे असं काम. हिरवा पट्टा म्हणजे निवांत. एका हिरव्या पट्ट्यात लिहिलं होतं, "उगाच भटकणे", आणि शेजारी भटकण्याचा रस्ता आखून दिलेला होता. पुढच्यात होतं, "सहज दिसलेल्या बाकावर बसणे." तो बाक काकांनी उपग्रहाच्या नकाशावरून हेरून ठेवला होता. सेन नदीच्या काठी, झाडाखाली.

"काका, त्या बाकावर आधीच कोणी बसलं असेल तर?" मी एकदा जेवताना विचारलं. चिडवायला विचारलं होतं. काका गंभीर झाले, पानावरून तसेच उठले आणि दुसऱ्या दिवशी तक्त्यात पर्यायी बाक आला.

पहिल्या दिवशी आयफेल टॉवर बघायचा नाही, हा आणखी एक नियम. तो बघायला गेलं की रांग, रांग आली की घाई.

"पण तो लांबूनच दिसतो ना, काका. दिसला तर?"

"मान वळवायची."

निवांतपणा आपोआप येत नसतो, आणावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की माझ्या ऑफिसच्या मीटिंगमध्येही ते मला ऐकू यायचं. आणि इतका आणूनही तो काही येत नव्हता, कारण प्रत्यक्ष जाणं सतत पुढे ढकललं जायचं. एकदा हॉटेलची खिडकी नदीकडे नसून मागच्या अंगणाकडे आहे असं उघड झालं. एकदा त्या आठवड्यात संपाची बातमी आली. मग साथ आली आणि सगळं जगच बंद पडलं, तेव्हा काकांचा चेहरा जरा खुलला होता, असं काकू सांगायच्या. तक्ता सुधारायला वेळ मिळाला ना. लेक फोनवर अस्सल सिंगापुरी इंग्रजीत कळवळून म्हणायची, "बाबा, जस्ट बाय द टिकिट लाह!" काका फोन काकूंकडे देऊन टाकायचे.

काकूंना पॅरिसला जायचं होतं का? होतं. काकांपेक्षा जास्त जायचं होतं. आणि त्याचं कारण मला माहीत होतं, कारण ते त्यांनी मला लिटिल इंडियातल्या एका भाजीच्या दुकानात, कढीपत्ता निवडता निवडता सांगितलं होतं.

काकूंना फ्रेंच येत होतं. पुण्याला कॉलेजात मार्क चांगले मिळतात म्हणून घेतलं आणि मग त्याच्या प्रेमातच पडल्या. लग्नाआधी घरी शिकवण्या घ्यायच्या. लग्न होऊन सिंगापूरला आल्या आणि ते सगळं थांबलं. इथे कोणाशी बोलणार? कणीक मळताना त्या कधीकधी स्वतःशीच काहीतरी पुटपुटत, ते मला आधी स्तोत्र वाटायचं.

"अगं, आमचे सर सदाशिव पेठेतले," काकू म्हणाल्या, "ते स्वतः कधी लोणावळ्यापलीकडे गेले नव्हते. त्यांनी शिकवलेलं खरं फ्रेंच आहे की नाही तेही मला ठाऊक नाही. एकदा तिथे जाऊन बोलून बघायचंय. तिथल्या माणसाला माझं बोलणं कळावं आणि त्यानं मला उत्तर द्यावं. एवढंच. बाकी ते टॉवर-बिवर राहू दे."

ऐकून मला भरून आलं. आणि लगेच संताप आला. कारण काकांनी त्याच महिन्यात कार्डं केली होती. "दोन कॉफी द्या", "बिल आणा", "स्वच्छतागृह कुठे आहे?", "आम्हाला घाई नाही" अशी सगळी वाक्यं फ्रेंचमध्ये छापून, प्लास्टिकमध्ये घालून, पत्त्यांसारखा जोड. वेटर आला की कार्ड दाखवायचं. बोलायचा प्रश्नच नाही.

"काकू, त्यांना सांगा ना! तुम्हाला बोलायचंय म्हणून सांगा."

"नको गं. इतकं केलंय त्यांनी. त्यांना वाटेल आपलं काही चुकलं."

"अहो, चुकलंच आहे!"

काकूंनी कढीपत्त्याची जुडी पिशवीत टाकली आणि विषय संपवला. या दोघांच्या संसारात कोणीच कोणाला काही सांगत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

शेवटी एकदाची तिकिटं निघाली. निघाली म्हणजे लेकीनेच ती मेलबर्नहून काढून पाठवून दिली. आता तालीम आलीच. जुरोंग आयलंडवर खऱ्या कामाआधी कोरडी तालीम करायची पद्धत होती, म्हणून काकांनी पॅरिसच्या पहिल्या दिवसाची तालीम तोआ पायोहमध्ये घेतली. रविवारी. मला धरून.

रस्ता ओलांडायचा पादचारी पूल हा सेनवरचा पूल. त्यावर तक्त्याप्रमाणे हातात हात घ्यायचा होता. काकांनी इतक्या वर्षांत चारचौघांत बायकोचा हात कधी धरला नसावा, कारण त्यांनी तो वैद्याने नाडी बघायला धरावा तसा मनगटाशी धरला. काकू लाजून लाल झाल्या. खालून बस गेली. "आता पाण्याकडे बघायचंय," काका म्हणाले, आणि दोघं खाली बसच्या टपाकडे बघत राहिली. मी मागे उभी राहून दुसऱ्याच कुठल्या तरी घराण्याची असल्याचं भासवत होते.

मग कॅफे. कॅफे म्हणजे आमचं हॉकर सेंटर, एका छपराखाली दाटीवाटीने मांडलेली खाण्याची दुकानं, ऐन जेवणाच्या वेळी. तिथे रविवारी दुपारी टेबल मिळवायचं म्हणजे काय असतं ते तिथे राहिलेल्याला सांगायला नको. लोक कागदी रुमालांचं पाकीट ठेवून जागा अडवतात, गरम वाटी हातात घेऊन तुमच्या खुर्चीमागे उभे राहतात आणि तुमचे घास मोजतात. अशा ठिकाणी काका दोन कॉफ्या घेऊन निवांत बसणार होते. वेटरचं काम माझ्याकडे. मी कॉफी आणून ठेवली, काकांनी मला कार्ड दाखवलं, मी मान हलवली. इथवर ठीक होतं.

कॉफी संपली. काका हलेनात. शेजारी ट्रे घेऊन चार माणसं उभी राहिली. कॉफीवाला अंकल गल्ल्यावरून ओरडला, "अंकल, फिनिश ऑलरेडी, कॅन गो लाह! पीपल वाँट सीट!"

"वी आर रिलॅक्सिंग," काकांनी शांतपणे सांगितलं. "स्टिल सम टाइम लेफ्ट."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढ्यात नूडल्सची वाटी घेतलेली एक म्हातारी चिनी बाई टेबलाशी आली. काकूंना राहवलं नाही, त्यांनी सरकून तिला जागा करून दिली. ती बरोबर दोघांच्या मधे बसली आणि सुर्र सुर्र करत खाऊ लागली. काकांच्या तक्त्यात पुढचा पट्टा गप्पांचा होता. म्हातारीच्या डोक्यावरून ते काकूंना म्हणाले, "बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"जुन्या आठवणी आहेत इथे."

काकूंनी बराच वेळ मनापासून विचार केला. "मी गॅस बंद केला होता का हो?" त्या म्हणाल्या.

तालीम यशस्वी झाली असं काकांनी जाहीर केलं. मी घरी येऊन डोक्यावर थंड पाणी घेतलं.

पण खरा कहर पुढे होता. काकांनी वाचलं की लांबच्या प्रवासानंतर पहिला दिवस झोपेत जातो. पहिला दिवसच झोपेत जाणार म्हटल्यावर काकांनी उपाय काढला. निघायच्या आधी आठवडाभर घर पॅरिसच्या वेळेवर. पॅरिस सहा तास मागे. भिंतीवरचं घड्याळ मागे गेलं, मायक्रोवेव्हचं गेलं, काकांच्या मनगटावरचं गेलं. मी संध्याकाळी सातला दमून घरी यायचे, तर काका दुपारचं जेवण जेवत असायचे. "ये," म्हणायचे, "लवकर सुटलीस आज!" सकाळी मी आंघोळीला उठायचे तेव्हा ते नुकतेच झोपायला गेलेले असायचे, आणि मी भांड्याचा आवाज केला तर रागवायचे. काकू दोन्हीकडची वेळ सांभाळायच्या. त्यांना पॅरिसच्या वेळेचा वरणभातही करावा लागायचा आणि माझा डबाही. त्या गपचूप आपल्या नेहमीच्या वेळी झोपायच्या, आणि काका उठायच्या सुमारास अंथरुणावरून उठल्याचं नाटक करायच्या.

त्यात वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी फ्लॅटचं काम निघालं. सकाळी नऊ वाजता ड्रिल सुरू व्हायचं ते संध्याकाळपर्यंत. म्हणजे काकांच्या मध्यरात्री. आठवड्याच्या अखेरीला त्यांचे डोळे लाल होते आणि ते मला सांगत होते की शरीर उत्तम जुळवून घेतंय. बोलण्याच्या पलीकडे गेलं होतं सगळं. टॅक्सीत सामान ठेवताना काकूंनी माझा हात घट्ट दाबला. त्यांचा तळवा ओला होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, मी सेरांगून रोडवरच्या त्या रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानात रांगेत उभी होते. हातात पोह्याचं पाकीट. फोन वाजला. काकू.

"अगं, हे झोपलेत."

"म्हणजे?"

"रात्रभर विमानात जागेच. समोरच्या नकाशावर विमान नीट चाललंय ना, ते बघत बसले. हॉटेलात आलो, बूट काढायला म्हणून पलंगावर टेकले आणि आडवेच झाले. एक बूट अजून पायात आहे."

"उठवा त्यांना, काकू! वर्षं गेली त्या तक्त्यात!"

"उठवलं. 'आधी व्हॉल्व्ह बंद करा' म्हणाले आणि कुशीवर वळले."

मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. पुढे रांग सरकली. "मग तुम्ही काय करताय? खोलीत बसलाय?"

"नाही." काकूंचा आवाज बारीक झाला. "मी खाली आलेय. समोरच्या कॅफेत. एकटी."

"कार्डं घेतलीत?"

"कार्डं ह्यांच्या खिशात." मग एकदम म्हणाल्या, "अगं, वेटरनं मला विचारलं काय हवंय. मी सांगितलं. आणि त्यानं आणून दिलं."

"काय आणून दिलं?"

"मी मागितलं तेच!"

आणि काकू हसत होत्या की रडत होत्या ते इतक्या मैलांवरून मला कळलं नाही. वेटरला कुतूहल वाटलं होतं, इतकं जुन्या पुस्तकातल्यासारखं, मास्तरणीसारखं फ्रेंच ही साडीतली बाई कुठे शिकली. काकूंनी पुणं सांगितलं. ते कुठे आलं, त्याने विचारलं. "मग मी त्याला पुणं समजावून सांगितलं. पेठा, नदी, पेरू, सगळं. फ्रेंचमध्ये! त्याला कळलं गं सगळं!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते गल्ल्यावरच्या मुलीने पाहिलं आणि तिने पोहे जरा हळूच स्कॅन केले. इतका निर्भेळ आनंद मला त्या वर्षात दुसऱ्या कशाने झाला नव्हता. काकू तिथे दुपार उलटेपर्यंत बसल्या. कुठेही गेल्या नाहीत, काही बघितलं नाही, कोणी उठा म्हणालं नाही.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी काकांना माफ केलं असतं.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी उठले. झाला प्रकार कळला तेव्हा एका पायात बूट घातलेले ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. "तुझा दिवस घालवला मी," एवढंच म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांचा असा चेहरा काकूंनी कधी पाहिला नव्हता. त्यांना ते बघवेना. म्हणून त्या म्हणाल्या, "मी तरी कुठे जागी होते? मीही झोपलेच की. कालचा दिवस प्रवासात धरा. पहिला दिवस आज."

आणि मग पहिला दिवस झाला. तक्त्याबरहुकूम. त्याच कॅफेत, त्याच वेटरसमोर. तो काकूंना बघून आनंदाने पुढे आला, तर काकूंनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. शहाणा होता, लगेच समजला. काकांनी खिशातून कार्ड काढलं. वेटरने ते दोन्ही हातांत धरून गंभीरपणे वाचलं. दिवसभर कार्डं निघत राहिली आणि काकू दिवसभर तोंड मिटून हिंडल्या. पूल, बाक, उगाच भटकणं. टॉवर दिसला तेव्हा मान वळवली.

हे सगळं परत आल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात सांगितलं, आणि शपथ घातली. मी ती घेतली, याचा मला पुढे रोज पश्चात्ताप झाला. कारण त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला काका पॅरिसच्या पहिल्या दिवसाबद्दल सांगत. वेटर किती अदबीने वागला ते सांगत. काकू चहा आणून ठेवत आणि "हो ना" म्हणत. मी मान खाली घालून पोहे गिळत बसायचे.

"तुम्ही काय म्हणून गप्प बसता?" मी काकूंना एकदा जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"माझा दिवस झाला होता ना," काकू म्हणाल्या. "मग एक त्यांचा."

हे ऐकून कोणाचंही मन हेलावलं असतं. माझं डोकं तापलं. ज्या गोष्टीची जन्मभर वाट बघितली ती लपवून ठेवायची, जणू चोरीच केली होती.

पुढे माझं ऑफिस पश्चिमेकडे गेलं आणि मी खोली सोडली. माझ्या हलण्याचा तक्ता झाला हे वेगळं सांगत नाही. खाली भाड्याची व्हॅन उभी, खोके दाराशी, काकू आत माझ्यासाठी पोळ्या लाटत होत्या. काका खोक्यांवर लाल-हिरव्या चिठ्ठ्या चिकटवत होते. मधेच थांबले.

"तुला माहितेय का," ते एकदम म्हणाले, "तिला फ्रेंच येतं."

मी हातातला खोका खाली ठेवला.

"मी बघायला गेलो होतो तिला, तेव्हा ती आतल्या खोलीत मुलींना शिकवत होती. मी बाहेर बसून ऐकत होतो. एक अक्षर कळत नव्हतं. पण असं वाटलं, हे ऐकत राहावं. तिथेच ठरवलं. पोहे यायच्या आधी." त्यांनी हातातली चिठ्ठी उलटीपालटी केली. "नंतर कधी ऐकलंच नाही. इकडे आणलं मी तिला, इथे कोणाशी बोलणार? म्हटलं, तिथे नेलं की बोलेल. तिला मोकळं व्हायला वेळ लागतो. घाईगर्दीत ती तोंड उघडत नाही. म्हणून तर पहिला दिवस निवांत हवा होता. नाहीतर मला काय करायचंय पॅरिसशी?"

"मग ती कार्डं कशाला केलीत, काका?" माझा आवाज चढला होता.

"अडली, विसरली, तर चारचौघांत फजिती नको तिची. काहीतरी हाताशी असावं. मी मुद्दाम हळूहळू काढत होतो खिशातून. म्हटलं, तेवढ्यात बोलेल. प्रत्येक वेळी वाट बघितली. नाही बोलली. एक शब्द नाही. विसरली असेल सगळं, माझ्यामुळे." आणि चिठ्ठी खोक्याला लावून त्यांनी ती अंगठ्याने नीट दाबली.

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या दोघांना एकमेकांसमोर बसवून गदागदा हलवावंसं वाटलं. दोन वर्षं मी हे सहन केलं होतं. तो तक्ता, ते बाक, ती म्हातारी, ते मागे नेलेलं घड्याळ. आणि हा माणूस इतकी वर्षं फक्त ती बोलण्याची वाट बघत होता, आणि ती त्याच्यासाठी तोंड मिटून होती. शपथेचं काय व्हायचं ते होवो.

"काकू!" मी ओरडले. "बाहेर या!"

त्या पिठाचे हात घेऊन घाबऱ्याघुबऱ्या आल्या.

"त्या वेटरला तुम्ही पुण्याबद्दल काय सांगितलंत ते काकांना सांगा. जसंच्या तसं. मराठीत नको."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी क्षणभर मागे सरले. काका माझ्याकडे बघत होते, मग काकूंकडे. "कुठल्या वेटरला?" ते म्हणाले. खालून व्हॅनवाल्याचा फोन आला, तो मी बंद करून टाकला.

काकूंनी पदराला हात पुसले. आणि जमिनीकडे बघत बोलू लागल्या. आधी अगदी हळू, एकेक शब्द तपासून. मग आवाज जरा चढला, मान वर आली, वर्गात बोलावं तशा खणखणीत बोलायला लागल्या. मला त्यातलं फक्त पुणं कळलं. काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते, ते खोक्यावरच बसले. काकू थांबल्या.

"म्हणजे तू झोपली नव्हतीस," काका म्हणाले.

काकूंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. आता भडकणार, आता कारणं मागणार, असं मला वाटलं.

"परत म्हण," काका म्हणाले. "पहिल्यापासून म्हण."

काकू त्यांच्यासमोर दुसऱ्या खोक्यावर बसल्या आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.